सैनिक, जनावर आणि वऱ्हाडातला माणूस

परजीवीजन्य रोगांवरील औषधांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास तपासला, तर त्या औषधांचा शोध सुरू होताना संशोधकांच्या डोळ्यांसमोर खेड्यातला रोगी क्वचितच होता, असे आढळते. परजीवी म्हणजे दुसऱ्या जिवाच्या शरीरात राहून त्याच्याच रक्तामांसावर पोसला जाणारा जीव. हिवतापाचा एकपेशीय जंतू, आतड्यातले जंत, हत्तीरोगाचा दोऱ्यासारखा लांब कृमी हे सारे याच वर्गात मोडतात. या रोगांचा भार उष्ण प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिला, पण औषधाची निकड बहुधा तेव्हाच जाणवली जेव्हा दूरच्या रणभूमीवर उतरलेले सैन्य आजारी पडले किंवा पशुपालनाच्या मोठ्या व्यवसायाला जंतांमुळे तोटा होऊ लागला. ही गोष्ट अन्यायाची आहे हे उघडच आहे. परंतु तिचा परिणाम तेवढ्यावर थांबत नाही. औषध ज्याच्यासाठी शोधले जाते त्याच्या गरजेची मोजमापे त्या औषधाला कायमची चिकटतात, आणि पुढे ते दुसऱ्याच माणसाच्या हाती दिले तरी ती मोजमापे बदलत नाहीत. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यासारखा मुलूख समोर ठेवून हत्तीरोगाच्या औषधांकडे पाहिले म्हणजे हे नीट उमगते.

अकोला आणि अमरावती हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्रातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत गणले जातात. या रोगाविरुद्ध आज सामुदायिक औषधोपचार मोहिमांत, म्हणजे रोगी-निरोगी असा भेद न करता गावातल्या सर्व पात्र माणसांना एकाच वेळी औषध खाऊ घालण्याच्या मोहिमांत, जी तीन औषधे वापरली जातात त्यांची जन्मकथा वेगवेगळी असली तरी तिचा धागा एकच आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील बेटांवर उतरलेल्या अमेरिकी सैनिकांमध्ये हत्तीरोगाची लक्षणे दिसू लागली, त्यामुळे त्या देशात या विस्मृत रोगावर एकाएकी संशोधन सुरू झाले, आणि १९४७ साली लेडर्ले प्रयोगशाळेतून डायइथाइलकार्बामाझिन, अर्थात ‘डीईसी’, बाहेर आले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा आंध्रातून गेलेल्या यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होती. अल्बेंडाझोल हे १९७०च्या दशकात मेंढ्या-गुरांच्या पोटातील जंतांसाठी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत तयार झाले आणि माणसांसाठी त्याचा वापर मागाहून होऊ लागला. आयव्हरमेक्टिनचे मूळ जपानमधल्या मातीत आहे: सातोशी ओमुरा यांनी गोळा केलेल्या मातीच्या एका नमुन्यातील जिवाणूपासून निघालेले द्रव्य मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूने तपासले, त्यावरून बनवलेले औषध १९८१ मध्ये जनावरांसाठी बाजारात आले, आणि आफ्रिकेतील ‘रिव्हर ब्लाइंडनेस’, म्हणजे कृमीमुळे येणाऱ्या अंधत्वाच्या रोगासाठी कंपनीने ते १९८७ पासून मोफत देऊ केले. या कामासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले. त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या तू यूयू यांना मिळाला, आणि त्या शोधाची सुरुवातदेखील १९६७ मध्ये, व्हिएतनाममधल्या युद्धात हिवतापाने आजारी पडणाऱ्या सैनिकांसाठी हाती घेतलेल्या चिनी प्रकल्पातून झाली होती. सैनिक आणि जनावर यांच्या वाट्याला आलेल्या औषधांतूनच खेड्यातल्या माणसाचा उपचार उभा राहिला, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. या शोधांचे ऋण मोठे आहे आणि ते मान्य करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

तरीही या औषधांची मर्यादा नेमकी कुठे आहे हे पाहण्यासाठी कृमीचे जीवनचक्र समजून घ्यावे लागते. हत्तीरोगाचे प्रौढ नर-मादी कृमी माणसाच्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे ऊतींमधला पाझरलेला द्रव परत रक्तात नेणाऱ्या नलिकांत, घरटे करून काही वर्षे राहतात. मादी लाखो सूक्ष्म अळ्या रक्तात सोडते. या अळ्या दिवसा फुप्फुसांतील केशवाहिन्यांत दडून राहतात आणि साधारण रात्री दहा ते दोनच्या दरम्यान अंगभर फिरणाऱ्या रक्तात उतरतात, कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास त्याच वेळी चावतो. डासाच्या शरीरात अळीची वाढ होते हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमध्ये दाखवले होते. आता, डीईसी आणि आयव्हरमेक्टिन या दोहोंचा मुख्य मारा असतो रक्तातल्या अळ्यांवर. डीईसीने काही प्रौढ कृमी मरतात, सगळे मरत नाहीत. आणि उरलेली मादी काही महिन्यांनी पुन्हा अळ्या सोडू लागते. म्हणून औषध वर्षातून एकदा, आणि तेही प्रौढ कृमींच्या जननक्षम आयुष्याइतकी म्हणजे निदान पाच वर्षे, गावातल्या बहुसंख्य माणसांनी घ्यावे लागते. मेंढीच्या आतड्यातला जंत बाहेर टाकणे हे ज्या औषधाचे मूळ काम, त्याच्याकडून लसीकावाहिनीत खोल बसलेल्या कृमीचा एका दमात नाश व्हावा, अशी अपेक्षाच करता येत नाही.

नव्या रेणूशिवायही उपचारात किती मोठी झेप घेता येते, याचे उदाहरण मात्र याच तीन औषधांनी घालून दिले. पापुआ न्यू गिनीमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिन्ही औषधे एकत्र एकदाच दिलेल्या रुग्णांपैकी ९६ टक्क्यांच्या रक्तात वर्षभरानंतर एकही अळी सापडली नाही. डीईसी आणि अल्बेंडाझोल ही दोनच औषधे एकदा दिलेल्या गटात हे प्रमाण ३२ टक्के होते. या त्रयीच्या सुरक्षिततेची तपासणी पाच देशांत वीस हजारांहून अधिक लोकांवर झाली, त्यांत कर्नाटकातील यादगीर जिल्ह्याचा समावेश होता, आणि भारतात ती मोहिमेच्या पातळीवर प्रथम ज्या मोजक्या जिल्ह्यांत वापरली गेली त्यांत विदर्भातील नागपूर जिल्हा २०१९ च्या आरंभीच होता. आफ्रिकेतील रिव्हर ब्लाइंडनेसच्या पट्ट्यात डीईसी देणे धोक्याचे असते, कारण डोळ्यांतल्या अळ्या एकदम मेल्याने दृष्टीलाच इजा पोहोचते. तो रोग भारतात नसल्याने त्रयी येथे वापरता येते. देशातून हत्तीरोगाचे दूरीकरण २०२७ पर्यंत करण्याचे सरकारचे उद्दिष्ट बऱ्याच अंशी याच उपचारावर उभे आहे.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. नारूचा रोग औषधाशिवायच गेला, मग हत्तीरोगासाठी नव्या औषधाचा अट्टहास कशाला, असे सार्वजनिक आरोग्याचा कोणीही जाणकार विचारू शकतो. नारू म्हणजे पिण्याच्या पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जिवामार्फत शरीरात शिरून वर्षभराने बहुधा पायातून बाहेर पडणारा, हातभर किंवा त्याहूनही लांब कृमी. १९८४ च्या सुमारास भारतात त्याचे चाळीस हजारांच्या आसपास रुग्ण होते, रोग असलेल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता, आणि त्याच्यावर ना लस होती ना कृमी मारणारे औषध. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरींत माणसे उतरणार नाहीत अशी व्यवस्था करणे, विहिरींत टेमेफॉस हे कीटकनाशक टाकणे, हातपंप खोदणे आणि प्रत्येक रुग्णाचा माग काढणे एवढ्या साधनांनी १९९६ च्या जुलैमध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. या यशापुढे नतमस्तक व्हावे असेच ते आहे.

पण नारूची युक्ती हत्तीरोगाला का लागू पडत नाही हे तेल्हाऱ्याची जमीनच सांगते. या तालुक्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या पायथ्याशी येतो, आणि दक्षिणेकडे उतरत गेले की पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो, जिथे विहिरीचे पाणी खारट आणि पिण्यास अयोग्य असते. वारी भैरवगडजवळील वान धरणातून अकोट आणि तेल्हारा तालुक्यांतील ८४ खेड्यांसाठी आखलेल्या योजनेमुळे अनेक गावांना गोडे पाणी मिळाले, ही या भागाच्या आयुष्यात खरोखर मोठी गोष्ट होती. परंतु नळ आला की सांडपाणीही येते, आणि नाली नसलेल्या किंवा तुंबलेल्या गल्लीत साचणारे घाण पाणी हेच क्युलेक्स डासाचे आवडते जन्मस्थान. महाराष्ट्रात इतरत्र शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी दगडगोट्यांतून जमिनीत जिरवणारा खड्डा, हा चांगला उपाय ठरला आहे. खारपाणपट्ट्यातली चिकण, सोडियमयुक्त काळी माती मात्र पाणी फारच सावकाश मुरू देते आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही म्हटले तरी चालेल. गप्पी मासे सोडणे, शौचालयाच्या टाकीच्या नळीला जाळी बांधणे, नाल्या वाहत्या ठेवणे ही कामे करायलाच हवीत, परंतु नारूसारखे एक फडके बांधले की साखळी तुटली असे इथे होणार नाही. शिवाय नारूचा रुग्ण स्वतःच दिसतो, त्याच्या पायातून कृमी लोंबत असतो. हत्तीरोगाच्या अळ्या रक्तात बाळगणारा बहुतेक माणूस धडधाकट असतो, वावरात काम करतो, आणि आपण रोगाचे वाहक आहोत याची त्याला गंधवार्ता नसते. अशा ठिकाणी रोगाची साखळी शरीराच्या आत तोडणारे औषध लागते, आणि ते आजच्यापेक्षा चांगले असायला हवे.

चांगले म्हणजे कोणत्या अर्थाने चांगले, हा या लेखातला कळीचा प्रश्न आहे. औषधशास्त्रात एखादे औषध शोधण्याआधीच त्याने कोणते गुण अंगी बाळगावेत याचे टाचण तयार केले जाते: किती मात्रा, किती दिवस, कोणाला देता येईल, कोणते दुष्परिणाम चालतील. हे टाचण जर गावाकडून लिहिले गेले तर त्यात काय येईल? पहिली गोष्ट, औषध घेणारा माणूस स्वतःला आजारी समजत नाही. गोळ्या घेतल्यावर ज्याच्या रक्तात अळ्या जास्त त्याला त्या मरताना ताप, डोकेदुखी, चक्कर अधिक येते, म्हणजे औषध जितके प्रभावी तितका त्रास त्यालाच अधिक, आणि गावात मात्र असा समज पसरतो की गोळ्यांनीच धट्ट्याकट्ट्या माणसाला आजारी पाडले. मोहिमेची फेरी फेब्रुवारीत किंवा ऑगस्टमध्ये येते. एकीकडे हरभऱ्याची सोंगणी, दुसरीकडे कपाशीचे निंदण आणि डवरणी. रोजाने जाणाऱ्या बाईला ताप येऊन दोन दिवस घरी बसणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली, आणि तीही ज्या रोगाचे तिला एकही लक्षण नाही त्या रोगापायी. तिने गोळ्या हातात घेऊन ‘जेवल्यावर खाईन’ म्हणणे आणि त्या डब्यात ठेवून देणे हे अज्ञानाचे लक्षण मानण्याची जी सवय आहे ती सोडली पाहिजे. तिच्या हिशेबाला उत्तर द्यायचे काम औषधाच्या रचनेचे आहे: अळ्या हळूहळू, काही आठवड्यांत मारणारे आणि म्हणून ताप न आणणारे औषध हवे, आणि मुख्य म्हणजे प्रौढ कृमी मारणारे हवे, म्हणजे तोच माणूस पाच-पाच वर्षे गोळ्यांसाठी गाठावा लागणार नाही.

असे औषध अशक्य नाही, याचा पुरावा विज्ञानाने आधीच दिला आहे. हत्तीरोगाच्या कृमीच्या आत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि त्यांच्याशिवाय कृमीला ना नीट जगता येते ना पिल्ले घालता येतात. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त प्रतिजैविक चार ते सहा आठवडे दिले तर हे जिवाणू मरतात, मादी वांझ होते आणि पुढे प्रौढ कृमीही सावकाश मरतो, तेही अळ्या एकदम न मारता. अडचण कालावधीची आहे: महिनाभर रोज गोळी घेणे हे एखाद्या रुग्णाला दवाखान्यात सांगता येते, सबंध गावाला नाही, शिवाय गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना हे औषध चालत नाही. म्हणून वोल्बाकियाला आठवड्याच्या आत संपवणारा रेणू शोधणे हे या क्षेत्रातले सर्वांत आशादायक काम आहे. त्याच्याच जोडीला जनावरांच्या औषधांचा मार्ग अजून चालू आहे: मॉक्सिडेक्टिन हे पशुवैद्यकातले औषध रिव्हर ब्लाइंडनेससाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले, तेही एका ना-नफा संस्थेच्या प्रयत्नाने, आणि कुत्र्या-मांजरांच्या जंतांवरील इमोडेप्साइड प्रौढ कृमी मारू शकते का याचा अभ्यास होत आहे.

बाजार हे काम करणार नाही, याबद्दल आता कोणाला शंका उरू नये. १९७५ ते १९९९ या काळात जगात १,३९३ नवी औषधद्रव्ये बाजारात आली, त्यांपैकी उष्णकटिबंधीय रोग आणि क्षयरोग यांसाठी मिळून फक्त १६ होती. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्या रोगाला ग्राहक नाही, आणि ग्राहक नाही म्हणून रेणू नाही. ही फट भरून काढण्यासाठी २००३ मध्ये दुर्लक्षित रोगांसाठीचा औषध उपक्रम, ‘डीएनडीआय’, स्थापन झाला, आणि त्याच्या जोडीला सरकारे, दानसंस्था व औषध कंपन्या एकत्र आल्या. हा मार्ग योग्यच आहे, परंतु त्यात एक धोका दिसतो तो असा, की टाचण लिहिणारे टेबल जिनिव्हात असते आणि वऱ्हाडातले गाव फक्त चाचणीचे ठिकाण म्हणून त्यात येते. हिवतापाच्या नव्या औषधातही हे दिसते: व्हायव्हॅक्स हिवतापात यकृतात दडून बसणाऱ्या अवस्थेवर चौदा दिवस प्रायमाक्विन घ्यावे लागते, त्याऐवजी एकच मात्रा पुरणारे टॅफेनोक्विन २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पण ते देण्याआधी जी-६-पीडी या विकराची पातळी तपासावी लागते, कारण ती कमी असलेल्या माणसाच्या रक्तपेशी औषधाने फुटू शकतात. मेळघाटाच्या पायथ्याच्या वस्तीत ही तपासणी कोण, कशाने, किती वेळात करणार, हा प्रश्न औषधाच्या शोधाइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो औषध तयार झाल्यावर नव्हे, त्याआधी विचारायचा असतो.

महाराष्ट्राला हे काम नवीन नाही, आणि म्हणूनच आजची उदासीनता अधिक खुपते. मुंबईत गोरेगावला १९६३ मध्ये सुरू झालेल्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी यांच्या नेतृत्वाखाली उष्ण प्रदेशांतल्या रोगांसाठी नवे रेणू घडवले गेले आणि आमांशाच्या अमीबावरचे सॅट्रानिडॅझोल तिथून बाहेर आले. एका परदेशी कंपनीचे केंद्र असले तरी भारतातल्या रोगासाठी भारतात रेणू शोधता येतो, हे त्याने दाखवले. ते केंद्र आज त्या रूपात उरलेले नाही. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या निदानावर दीर्घकाळ काम केले, ते रात्री रक्त काढण्याच्या गरजेतून सुटका करण्याच्या दिशेने होते, आणि त्याचे मोल खेड्यात रात्रीचे रक्तनमुने घेणाऱ्या पथकांनाच ठाऊक आहे. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. माणसाच्या कृमींवरची बहुतेक औषधे जनावरांच्या औषधांतून आली असताना अकोल्याचे पशुवैद्यक, सेवाग्रामचे निदानशास्त्र आणि मुंबई-पुण्याचे रसायनशास्त्र एका टेबलावर बसू नये, याचे कोणतेही वैज्ञानिक कारण नाही. कारण आहे ते एवढेच की माणसाचा कृमी एका खात्याकडे आणि म्हशीचा कृमी दुसऱ्या खात्याकडे सोपवलेला आहे.

उपचार संशोधनाची आणखी एक बाजू सहसा चर्चेतच येत नाही, ती म्हणजे ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत अशा माणसांची. कोणतीही गोळी खराब झालेल्या लसीकावाहिन्या पूर्ववत करत नाही. याच रोगाने होणाऱ्या अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे आणि तिने माणूस पुन्हा कामाला लागतो, पण सुजलेल्या पायावर असा इलाज नाही. डॉक्सिसायक्लिनने या सुजेत सुधारणा होते अशी आशा घानामधल्या एका अभ्यासाने निर्माण केली होती. भारतासह इतर ठिकाणच्या पुढील चाचण्यांत मात्र साबण-पाण्याने पाय रोज धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवून, भेगांवर मलम लावून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा त्याचा वेगळा लाभ ठळकपणे दिसला नाही. याचा अर्थ असा की आजघडीला हत्तीपायावरचा सर्वांत सिद्ध उपचार म्हणजे स्वच्छ पाणी, साबण आणि रोजचा अर्धा तास. पाय धुतल्याने तापाच्या आणि सुजेच्या उसळ्या कमी होतात, आणि प्रत्येक उसळी टळली म्हणजे पाय थोडा तरी वाचतो. या साध्या उपचारावरही संशोधनाची गरज आहे: खारट, जड पाण्यात साबणाचा फेस येत नाही, अशा पाण्याने धुतलेली भेगाळलेली कातडी कशी राहते, त्यावर कोणते मलम टिकते, आणि वावरात चिखलात उभे राहणाऱ्या माणसाला कोणते पादत्राण चालते, हे प्रश्न खारपाणपट्ट्याबाहेर कोणाला सुचणारच नाहीत. ज्या गावात वानचे गोडे पाणी रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येते, तिथे सुजलेल्या पायाच्या वृद्ध बाईसाठी रोजची एक बादली बाजूला निघते की नाही, हे त्या घरातल्या पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्याच्या हिशेबावर ठरते.